कुंडलिकेचे पाणी

बालाघाटाच्या डोंगररांगेमुळे बीड जिल्ह्याचे स्वभावतःच दोन भाग पडले आहेत. रांगेच्या माथ्यावरील मुलूख तो घाटावरचा, आणि उत्तरेस गोदावरीपर्यंत उतरत गेलेला तो घाटाखालचा. वडवणीचा प्रदेश या दोहोंच्या सांध्यावर आहे.

रांगेच्या दक्षिण उतारावर पडलेला पाऊस मांजरेस मिळतो व सातशेहून अधिक किलोमीटरांचा वळसा घेऊन तेलंगणाच्या सीमेवर गोदावरीस पोचतो. उत्तर उतारावरील पाण्याची वाट मात्र आखूड आहे. कुंडलिका, बिंदुसरा यांसारख्या नद्या ते सिंदफणेत नेतात आणि सिंदफणा मंजरथजवळ गोदावरीस मिळते. आखूड वाट म्हणजे उतावीळ पाणी. मोठा पाऊस झाला की ओढे गढूळ होऊन दुथडी वाहतात. पाऊस ओसरला की ते तितक्याच लवकर रोडावतात.

याचे कारण जमिनीच्या पोटात आहे. येथील काळा पाषाण स्वतः पाणी शोषीत नाही. पाणी राहते ते त्यावरील मुरमात व खडकाच्या भेगांत. उतारावरील माती वाहून गेली की पाण्यास मुरण्याची उसंतच मिळत नाही, आणि पायथ्याच्या विहिरी हिवाळ्यातच तळ दाखवू लागतात. पात्रातील वाळूचे कामही असेच आहे. ती पाणी धरून ठेवते. वाळू बेसुमार उपसली की काठच्या विहिरींचे पाणी खाली जाते.

वडवणी तालुक्यात सोन्नाखोटा येथे ऊर्ध्व कुंडलिका प्रकल्प आहे. पुढे माजलगावास सिंदफणेवर मातीचे मोठे धरण आहे. जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्यातील या धरणात पैठणच्या उजव्या कालव्याचे पाणीही येते. हा कालवा 132 किलोमीटर लांबीचा आहे. त्या पाण्याचा लाभ धरणाखालच्या शिवारास होतो. डोंगरउतारावरील शेतकऱ्याच्या वाट्यास केवळ पावसाचेच पाणी राहते. शिवाय त्याच्याच शेतातील माती धरणात जाऊन बसते, हे दुहेरी नुकसान होय.

म्हणून ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी कामाचा आरंभ माथ्यापासून करावा. वरती समतल चर व गवत, मधल्या शेतांत बांधबंदिस्ती आणि उतारास आडवी नांगरट, व मग खाली नालाबांध, असा हा क्रम आहे. वरचे काम टाकून आधी नालाबांध घातल्यास तो थोड्याच पावसाळ्यांत गाळाने भरतो, आणि गावकरी दोष देतात तो बांध घालणाऱ्यास!

साचलेला गाळ उन्हाळ्यात काढून शेतात नेता येतो. 2017 साली शासनाने त्यासाठी ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केली. हलक्या, मुरमाड जमिनीस असा गाळ फार मानवतो, तिची ओल टिकते. भारी काळ्या रानात तो घालू नये. तेथे निचरा आधीच मंद असतो. गाळ टाकण्यापूर्वी मातीची व गाळाची तपासणी करून घ्यावी, आणि पसरलेला गाळ पहिल्या पावसाआधी मातीत मिसळून घ्यावा.