मारहाण नवरा-बायकोपुरती राहत नाही

‘नवरा-बायकोचं भांडण आहे, पोरांना त्यातलं काय कळतंय?’ हा पहिला गैरसमज. पोरांना कळतं. आई-वडिलांमधली मारहाण पाहत वाढलेल्या मुलींना लग्नानंतर मार सोसावा लागण्याचं प्रमाण इतर मुलींपेक्षा जास्त असतं, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. अमेरिकेतल्या फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं, की लहानपणी मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातली हिंसा असे चार किंवा अधिक आघात सोसलेल्यांना व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका चार ते बारा पट असतो.

म्हणून ‘मार खाल्लेलं पोर पुढे मारणारच’ असं म्हणायचं का? अजिबात नाही. धोका वाढतो, पण बहुतेक मुलं तशी होत नाहीत. मामा, शेजारची काकू, शाळेतल्या बाई, असं एक जरी भरवशाचं माणूस पाठीशी असलं, तरी मूल सावरू शकतं.

दारूचंही तसंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, नवरा वरचेवर झिंगून येतो अशा सुमारे ७० टक्के स्त्रियांनी हिंसा सोसल्याचं सांगितलं. नवरा दारूला शिवतही नाही, अशा २३ टक्के स्त्रियांनीही तेच सांगितलं. दारूने मारहाण वाढते, पण बायकोला मारायचा हक्क आहे ही समजूत बाटलीतून येत नाही.

सगळ्यात घातक गैरसमज मात्र दवाखान्यात दिसतो. मार सोसणाऱ्या बाईने विष घेतलं, तरी ‘चुकून औषध पोटात गेलं’ अशी नोंद होते, पोट साफ करून बाईला त्याच घरी पाठवलं जातं. आत्महत्येचा प्रयत्न आणि घरातली मारहाण यांचा संबंधच नाही असं समजून दोन्ही वेगवेगळ्या कागदांवर राहतात. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली ‘सेहत’ संस्था आणि मुंबई महापालिकेने ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, ते हेच कागद जोडण्यासाठी. विष घेतलेल्या, भाजलेल्या बाईला तिथे एकांतात, घरच्यांना बाहेर ठेवून विचारतात: घरी कोणी मारतं का? हा प्रश्न प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात विचारला गेला पाहिजे.

आणि तो तुम्हीही विचारू शकता. शिक्षक असाल आणि वर्गातलं मूल एकाएकी गप्प किंवा मारकुटं झालं, तर शिक्षा करण्याआधी घरी काय चाललंय याची चौकशी करा. मुलांसाठी १०९८ आणि स्त्रियांसाठी १८१ या क्रमांकांवर शेजाऱ्यालाही फोन करता येतो.