पहिलं हत्यार घ्यायचंय? आधी भिंत वाजवून बघा!

सुरतच्या पर्वत पाटियात घराच्या रक्षणासाठी "कोणतं घेऊ?" असं कुणी विचारलं, की मी आधी विचारतो, "शेजाऱ्याची भिंत किती जाड?" आपल्या सोसायट्यांत घराला घर चिकटलेलं. नेम चुकला तर गोळी कुणाच्या घरात जाईल, याचा भरवसा नाही.

आधी परवाना. शस्त्र कायदा १९५९चा, नियम २०१६चे. वय किमान २१, अर्ज पोलीस आयुक्तांकडे, मग चौकशी. ९ एमएमचं स्वप्न सोडा, ते 'प्रतिबंधित बोअर'मध्ये येतं.

उरतात मुख्यतः दोन पर्याय. .३२ रिव्हॉल्व्हर आटोपशीर. २०१४ साली आलेलं कानपूरचं 'निर्भीक' तर जेमतेम अर्धा किलोचं. पण हलकं हत्यार हातात जास्त उसळतं आणि आखूड नळीमुळे नवशिक्याचा नेम हमखास हुकतो. बारा बोअरची दुनळी खांद्याला टेकते, चालवायला सोपी. पण अरुंद जिन्यात वळवताना घाम फुटतो. माझं मत विचाराल तर रेंजवर दोन्ही चालवून बघितल्याशिवाय पैसे मोजू नका.

लोखंडी तिजोरीचा खर्च आधीच धरा. घरात पोरं असतील तर काडतुसं वेगळ्या कुलपात. निवडणूक आली की हत्यार बहुधा ठाण्यात जमा करावं लागतं, म्हणजे तेवढे दिवस भिस्त कडी-कोयंड्यावरच!

आणि भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ वाचा. स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण गरजेपुरताच. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातलीत, तर आरोपीच्या पिंजऱ्यात तुम्ही.