चिवट बंध : ग्लिसरीनपासून होणारी ईथरे

वसंतात आपल्या गोंदिया जिल्ह्याच्या रानांत मोहाची फुले वेचली जातात. पुढे पावसाच्या तोंडावर त्याच झाडाच्या बिया गोळा होतात. त्या बियांचे तेल साबणाच्या कामी येते, हे पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु साबण होताना तेलातून आणखी एक पदार्थ सुटतो, तो म्हणजे ग्लिसरीन. १७७९ साली शेले या रसायनशास्त्रज्ञाने ऑलिव्हचे तेल मुरदाडशिंगाबरोबर तापवून हा गोड, दाट द्रव प्रथम मिळविला. त्यापासून होणाऱ्या ईथरांचा येथे विचार करावयाचा आहे.

ईथर म्हटले की भूल देण्याचे औषध आठवते. पण ईथर हे एका पदार्थाचे नाव नसून कुळाचे नाव आहे. कर्बाच्या दोन अणूंमध्ये प्राणवायूचा एक अणू दुव्यासारखा बसला की ईथरचा बंध झाला. तेलातही ग्लिसरीन बांधलेलेच असते. पण तो बंध एस्टरचा. कॉस्टिक सोड्याने तो सुटतो, म्हणून तर साबण होतो. ईथरचा बंध असा सहजी सुटत नाही. हा चिवटपणा हाच त्याचा गुण, आणि हाच त्याचा दोष.

गुण आधी पाहू. खोकल्याच्या औषधात कफ पातळ व्हावा म्हणून ग्वायफेनेसिन घालतात. ते ग्लिसरीन व ग्वायाकॉल यांचे ईथर होय. ते करताना ग्लिसरीनचे क्लोरीनयुक्त रूप अल्कलीच्या सान्निध्यात ग्वायाकॉलशी जोडतात. हे रूप स्वतः अपायकारक असल्याने त्याचा उरलेला अंश काढून टाकावा लागतो. दुसरे उदाहरण इंधनाचे. ग्लिसरीनच्या रेणूत जोडणीच्या तीन जागा असतात. आयसोब्युटिलीन वायू आम्लधर्मी उत्प्रेरकाच्या साहाय्याने त्यांवर जोडता येतो. एकच जागा भरली तर पदार्थाची ओढ पाण्याकडे राहते. दोन वा तीन भरल्या तर तो डिझेलमध्ये मिसळतो आणि धुरातील काजळी कमी करतो.

आता दोष. अमेरिकेत पेट्रोल नीट जळावे म्हणून एमटीबीई नावाचे दुसरे एक ईथर घालीत. टाक्या गळल्या, ईथर जमिनीत मुरले, पाण्यात विरघळले आणि जंतूंना लवकर पचेना. १९९६ साली सांता मोनिका शहराला पिण्याच्या पाण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या. २००४ पासून कॅलिफोर्नियात त्याचा वापर थांबला. निव्वळ ग्लिसरीन जंतू लवकर फस्त करतात. परंतु त्याला जोडलेल्या शाखायुक्त गटांबद्दल तसे गृहीत धरता येत नाही.

आपल्या राज्यातील धडा याहून कठोर आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघाले व चौदा रुग्ण दगावले. हेही ईथरच, पण ग्लायकॉलचे. दिसावयास ग्लिसरीनसारखेच स्वच्छ, चवीला तसेच गोड. शरीरात त्याचे टोक बदलते, मधला ईथर-बंध मात्र टिकतो, आणि तयार होणारे आम्ल मूत्रपिंडांचा घात करते.

म्हणून पदार्थ मोहाच्या बियांतून आला की कारखान्याच्या नळीतून, यावरून त्याची निर्धोकता ठरत नाही. त्यात भेसळ किती, पाण्यात तो विरघळतो किती, आणि जंतूंना पचतो किती दिवसांत, हे तीन प्रश्न प्रयोगशाळेत सोडवावे लागतात. आपला जिल्हा तलावांचा. धान, मासळी आणि पिण्याचे पाणी त्यांच्याच आधाराने चालते. हे प्रश्न पदार्थ बाजारात येण्यापूर्वी विचारावयाचे असतात. तलावात उतरल्यावर नव्हे.