जुन्या गाण्यांतला गोल बेस: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

सोलापुरात जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांना अजून हक्काचा श्रोता आहे. गायक तयारीचे असतात, कीबोर्डवाला व्हायोलिनचा अख्खा ताफा एका हाताने उभा करतो, ढोलकी-तबला तर आपल्याकडे उत्तमच. मात्र सत्तरच्या दशकातलं गाणं सुरू झालं की बेस गिटार उघडी पडते. स्वर बरोबर असतात, ठेका बरोबर असतो, पण प्रत्येक स्वरामागे तारेची खणखण ऐकू येते आणि एक स्वर संपायच्या आत दुसरा त्यावर चढतो. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांनी वाजवलेला बेस आठवून पाहा: गोल, मऊ, लगेच थांबणारा, गाण्याच्या पोटात राहून गाणं पुढे नेणारा. तो आवाज आजच्या कुठल्याही साध्या बेसवर मिळू शकतो. तो मिळत नाही, कारण तो कुठून येतो याबद्दल वादकांमध्ये भलत्याच समजुती पक्क्या झाल्या आहेत.

सगळ्यात घट्ट समजूत म्हणजे ‘अँपवरचा बेसचा नॉब चढवला की आवाज ऊबदार होतो.’ चार तारांच्या बेसची सर्वांत जाड ई तार मोकळी वाजवली तर तिचा मूळ स्वर साधारण 41 हर्ट्झचा असतो, ए तारेचा 55 चा. नॉब चढवला की नेमका हाच तळ फुगतो आणि सभागृहात नुसती घरघर उरते. कानाला जी ऊब वाटते ती त्याच्या वर, साधारण 80 ते 250 हर्ट्झच्या पट्ट्यात असते. त्यातही निम्मं काम वरच्या झगमगाटाला आवर घालण्याचं आहे. तळ वाढवून ते होत नाही. मिरवणुकीतल्या सबवूफरची सवय झालेल्या कानांना हे आधी पटत नाही, म्हणून साउंडवाल्याशी कार्यक्रमाआधीच बोलून घ्यावं.

दुसरी समजूत पैशाची. ‘जुना आवाज हवा तर जुनी फेंडर हवी.’ लिओ फेंडरने प्रिसिजन बेस 1951 मध्ये बाजारात आणला. आज दिसणारं दोन तुकड्यांचं पिकअप त्यावर 1957 मध्ये आलं आणि जॅझ बेस 1960 मध्ये. ही वाद्यं सुंदरच आहेत. पण विजेच्या बेसमध्ये पिकअप तारेची हालचाल टिपतं, त्यामुळे तार कशी हलते आणि किती वेळ हलते यावर बहुतेक सगळं ठरतं. लाकडाचं वय त्यापुढे फार किरकोळ आहे. दोन पिकअपच्या साध्या बेसवर मानेकडचं पिकअप पूर्ण उघडा, ब्रिजकडचं बंद करा, पहिला टप्पा तिथेच पार होतो. बॅटरीवर चालणारा अॅक्टिव्ह बेस असला तरी चालतो. त्याचा ट्रेबल खाली आणायचा आणि बाकी सगळं मधोमध ठेवायचं.

आता तारा. ‘जुन्या, मेलेल्या तारा म्हणजेच विंटेज टोन’ असं कित्येक जण मानतात. यात तथ्य आहे, पण अर्धंच. नेहमीची राउंडवाउंड तार म्हणजे मधल्या गाभ्यावर गोल तारेचे वेढे. त्या खाचांत घाम आणि मळ बसला की वरचे सूर मरतात आणि आवाज दबतो. पण मळ सगळीकडे सारखा बसत नाही. तार एकीकडे जड, एकीकडे हलकी होते आणि वरच्या फ्रेटवर स्वर ढळायला लागतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात घामाची काही कमतरता नाही, त्यामुळे अशी ‘आपोआप विंटेज’ झालेली तार लवकरच बेसूर होते. साठच्या दशकातल्या वादकांकडे मात्र मुख्यतः फ्लॅटवाउंड तारा होत्या: चपट्या पट्टीचे वेढे, हाताला गुळगुळीत, खाचा जवळजवळ नाहीतच. बोट घासल्याचा आवाज येत नाही, फ्रेट कमी झिजतात आणि तार वर्षानुवर्षे सुरात राहते. किंमत जास्त वाटते, पण टिकाऊपणाचा हिशेब केला तर परवडते. ताण बहुधा जास्त असतो, म्हणून ती चढवल्यावर मान पुढे वाकली का हे बघून ट्रस रॉड जुळवून घ्यावा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाकूड आकसून फ्रेटची टोकं हाताला लागायला लागली असतील, तर त्याच खेपेला तीही घासून घ्यावीत.

डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत बेस वाजवणारा जेम्स जेमर्सन हा या आवाजाचा मोठा पुरावा आहे. 1962 चा प्रिसिजन, त्यावर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड तारा, ब्रिजच्या झाकणाखाली फोम आणि उजव्या हाताची फक्त तर्जनी. नॉब पूर्ण उघडे असत असं त्याच्याबद्दल सांगतात. म्हणजे आपण नॉब बंद करून जे शोधत असतो, ते त्याने तार, फोम आणि एका बोटात आधीच करून ठेवलं होतं. बेसचा आवाज बहुतेक वेळा सरळ मिक्सिंग कन्सोलमध्ये जायचा आणि तिथे जरासा फाटायचा. त्यामुळे तो मऊ असूनही हरवत नाही. ‘विंटेज म्हणजे मधले सूर काढून टाकायचे’ ही समजूत इथे खोटी ठरते.

फोमबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण आपल्याकडे या कामाला वादक सगळ्यात कमी हात घालतात. ‘तारेखाली काही घातलं तर वाद्य बिघडतं, आवाज मरतो’ अशी भीती असते. प्रत्यक्षात फेंडरच्या सुरुवातीच्या बेसवर ब्रिजच्या झाकणात मऊ पट्टी कारखान्यातूनच लावून येत असे. ती काय करते हे मिरजेच्या तानपुऱ्याकडे पाहिलं की चटकन कळतं. तिथे घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी उघडतात आणि वरचे सूर झळाळून उठतात. बेसवर आपण नेमकं उलट करतो: मऊ पट्टी वरचे सूर आधी शोषते, मूळ स्वर ठेवते आणि त्याची लांबी कमी करते. दोन स्वरांमध्ये मोकळी जागा राहते आणि ड्रमचा किक त्या जागेत नीट बसतो.

करायचं असं. गादीवाल्याकडून मऊ फोमचा तुकडा घ्या, नाहीतर घरातल्या जुन्या सोलापुरी टॉवेलची पट्टी घडी घालून घ्या. टॉवेलचे उभे फासे तारेला अलगद लागतात, म्हणून तो इथे चांगला चालतो. चारही तारांखाली जाईल इतकी लांबी, रुंदी बोटभर. ती ब्रिजला चिकटून सरकवायची आणि तारांना जेमतेम स्पर्श होईल इतकीच उंची ठेवायची. पट्टीने तार वर उचलली तर स्वर चढतो, म्हणून बसवल्यावर प्रत्येक तार ट्यूनरवर पुन्हा तपासायची, मोकळीही आणि बाराव्या फ्रेटवरही. एखाद्या तारेचा नुसता ‘ठक’ ऐकू आला, तर तिच्याखालची पट्टी थोडी कातरायची. बारीक जी तार आधी मरते, तिच्यापासूनच सुरुवात करावी. पट्टी न लावताही हे जमतं: उजव्या तळव्याची कड ब्रिजजवळ तारांवर टेकवायची आणि अंगठ्याने वाजवायचं. गाण्यागणिक दाब बदलता येतो, ही त्यातली मोठी सोय.

उजवा हात कुठे पडतो यानेही आवाज बदलतो, आणि याला एक पैसाही लागत नाही. तार ब्रिजजवळ छेडली तर वरचे सूर जास्त निघतात. बोट मानेच्या टोकाकडे सरकवलं की मूळ स्वर भरतो. ‘पिक म्हणजे कर्कश आवाज’ हेही खरं नाही. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत कॅरोल के पिकनेच वाजवायच्या, पण तारांवर फेल्टची पट्टी असायची, त्यामुळे स्वराची सुरुवात स्पष्ट आणि शेपूट आखूड.

टोनच्या नॉबबद्दल थोडक्यात. तो तळ वाढवत नाही, कपॅसिटरमधून वरचे सूर ग्राउंडकडे सोडून देतो. प्रिसिजनवर तो बहुधा 0.047 मायक्रोफॅरडचा असतो. इंटरनेटवर जुने तेल-कागदाचे कपॅसिटर सोन्याच्या भावाने विकतात. मूल्य तेच असेल, तर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला काही रुपयांचा कपॅसिटर तेच काम करतो. त्या पैशात फ्लॅटवाउंडचा संच घ्या.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी लक्षात घेत नाही. ‘लहानपणी ऐकला तोच आवाज हवा,’ असं आयोजक सांगतात. पण तो ऐकला होता मीडियम वेव्हवरच्या विविधभारतीवर. 1957 साली सुरू झालेलं हे केंद्र घरच्या छोट्या रेडिओवर लागायचं, तेव्हा मीडियम वेव्हमुळे वरचे सूर आधीच कापलेले असायचे आणि त्या टीचभर स्पीकरला 41 हर्ट्झ झेपतच नसे. मूळ स्वर कान स्वतःच त्याच्या वरच्या सुरांवरून जुळवून घ्यायचा. म्हणून बेसमधले मधले सूर शिल्लक ठेवले नाहीत, तर कार्यक्रमाचं मोबाइलवर केलेलं चित्रण ऐकताना बेस गायबच होतो.

शेवटी सभागृह. रिकाम्या हॉलमध्ये साउंड चेकला आवाज चुरचुरीत वाटतो, म्हणून वादक टोन पूर्ण बंद करून ठेवतो. मग खुर्च्या भरतात, माणसं आणि कपडे वरचे सूर शोषतात आणि बेस गाळात जातो. दुपारी टोन जरासा उघडा ठेवावा. साउंडवाल्याला 40 हर्ट्झखालचं कापायला सांगावं, हॉल घुमत असेल तर 200 ते 300 च्या आसपास थोडं उतरवायला सांगावं, आणि पहिलं गाणं सुरू झाल्यावर नॉब हाताने जुळवावा. डीआय बॉक्समधून सरळ मिक्सरला जात असाल तर मागे अँप असलाच पाहिजे असं नाही, पण स्वतःला ऐकायला मॉनिटर मागून घ्या. तो नसला की हात आपोआप जोरात पडतो आणि फोम लावूनही तार खणखणते.