जुळ्यांपैकी एकच का अडखळतो?

चेहरा सारखा, आवाज सारखा, शाळेचा वर्गही एकच. तरी एक जण कविता घडाघडा म्हणतो आणि दुसरा पहिल्याच अक्षराला अडतो. मग आई-वडील स्वतःला विचारतात, 'आमचं काय चुकलं?' आणि मुलाला ऐकवले जाते, 'भावाला जमतं, मग तुला का नाही?' हे दोन्ही प्रश्न चुकीचे आहेत.

तोतरेपणा बहुधा २ ते ५ वर्षांच्या वयात, मूल वाक्ये जुळवू लागते तेव्हा सुरू होतो. १०० पैकी सुमारे ५ मुले कधी ना कधी अडखळतात. त्यांतील बहुतेकांचे बोलणे पुढे आपोआप सुधारते. मोठेपणी तोतरेपणा शंभरात एखाद्यालाच उरतो.

आयोवा विद्यापीठातील वेंडेल जॉन्सन यांचे एके काळी मत होते, की लहान मुलाच्या साध्या अडखळण्याचा आई-वडिलांनी बाऊ केल्यानेच तोतरेपणा जडतो. जुळ्यांच्या अभ्यासांनी हे मत मागे पाडले. एकबीज जुळ्यांची जनुके जवळपास तंतोतंत सारखी असतात, द्विबीज जुळ्यांची मात्र इतर भावंडांइतकीच. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात वाढतात. तरीही एक तोतरा असल्यास दुसराही तोतरा असण्याचे प्रमाण एकबीज जुळ्यांत बरेच जास्त आढळले. २०१० मध्ये अमेरिकेतील डेनिस ड्रायना यांच्या गटाला पाकिस्तानी कुटुंबांच्या अभ्यासातून तोतरेपणाशी निगडित जनुकीय बदलही सापडले. अर्थात, असे बदल थोड्याच रुग्णांत आढळतात.

मात्र एकबीज जुळ्यांपैकी एकच अडखळतो, अशाही जोड्या असतात. म्हणजे जनुकांमुळे कल येतो, पण सगळे त्यांच्यावरच ठरत नाही. दोघांना सारख्याच मिळालेल्या घरच्या वातावरणाचा वाटा मोठ्या अभ्यासांत फार कमी निघाला. एकेकट्याच्या वाट्याला आलेल्या गोष्टी अधिक महत्त्वाच्या ठरल्या.

तेव्हा आई-वडिलांनी अपराधी वाटून घेऊ नये. पण अडखळणाऱ्या मुलाला बोलण्याची लाज वाटू न देणे घरच्यांच्याच हातात असते. वेखंड चाटवून किंवा जिभेखालची पट्टी कापून तोतरेपणा जात नाही. 'नीट बोल' म्हणून दटावू नये, त्याचे वाक्य आपण पुरे करू नये. सहा महिन्यांहून अधिक काळ अडखळणे राहिले किंवा घरात आणखी कोणी तोतरे असेल, तर वाचाउपचारतज्ज्ञांना दाखवावे. मोठ्या सरकारी रुग्णालयांत कान-नाक-घसा विभागात याची चौकशी करता येते. सिडनीत विकसित झालेल्या लिडकोम्ब पद्धतीत तर पालकांनाच शिकवून घरी रोज सराव घेतला जातो. लहान वयात तिचा चांगला उपयोग होतो.

जुळ्यांच्या घरात आणखी एक पथ्य पाळावे. दाराशी पाहुणे आले, की अस्खलित बोलणारा भाऊ दोघांच्या वतीने उत्तर देऊन मोकळा होतो. त्याला थोडे थांबायला सांगावे. दुसऱ्याला वेळ लागेल, पण आपले नाव त्याने स्वतः सांगावे.