दोन मीटर वायर आणि आजीच्या ओव्या

तुमच्या कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या लग्नपत्रिका आणि रेशनकार्डाच्या शेजारी, एखादी कॅसेट असेलच. कुणीतरी बॉलपेननं तिच्यावर 'बारसे' किंवा 'नानांचे भजन' असं लिहून ठेवलेलं असतं. टाकवत नाही आणि ऐकताही येत नाही. आमच्याकडे अशीच एक होती. तिच्यावर 'आजी, जात्यावरचे' एवढंच लिहिलेलं.

१९८९ साली आमच्या ह्यांनी टेपरेकॉर्डर घेतला आणि कौतुकानं तो आजोळी, औसा तालुक्यातल्या गावी नेला. तिथं आजीला पहाटे जात्यावर बसवून तिच्या ओव्या भरून घेतल्या. कॅसेट लातूरला आली, कपाटात गेली. चार वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाडजाड भिंतींची ती घरं होती. आजी त्यातच गेल्या. जातंही ढिगाऱ्याखाली गेलं. उरली ती ही कॅसेट.

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत सासूबाईंच्या हाती ती लागली. त्या आता ऐंशीच्या पुढच्या. कॅसेट पदरानं पुसत म्हणाल्या, "अगं, माझ्या आईचा आवाज एकदा कानावर पडू दे."

जुना टेपरेकॉर्डर कसाबसा फिरत होता. पण जुनी फीत पुन्हा पुन्हा वाजवणं धोक्याचं. ती प्लॅस्टिकची पट्टी असते, तिच्यावर लोखंडाच्या ऑक्साइडची भुकटी चिकटवलेली. आवाज त्या भुकटीत साठवलेला असतो आणि वर्षांनी ती सुटू लागते. तेव्हा एकदाच नीट वाजवायची आणि आवाज संगणकात उतरवून घ्यायचा, हे शहाणपणाचं. एका दुकानात चौकशी केली, तर कॅसेट आठ दिवस ठेवून जा म्हणाले. माझा जीव होईना. मग टेपमधून संगणकात आवाज नेणारी तयार वायर बाजारातून आणली. ती जोडली नि असा काही 'घूंऽऽ' आवाज निघाला, की जातं कुठलं आणि घोंगावणं कुठलं, काही कळेना. चार दिवसांत तिची एक बाजूही मुकी झाली.

नांदेडला माझं माहेर. तिथली माझी मावसबहीण आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली आहे. फोनवर सगळं ऐकून ती हसलीच. "ताई, तुला वेणी घालता येते ना? मग वायर का नाही येणार? घरीच कर." मी अहमदपूर, लोहामार्गे एसटीनं नांदेड गाठलं, एक दुपार तिच्याजवळ बसले आणि शिकून आले. तेच आज तुम्हाला सांगते.

आधी खरेदी. दोन कोअरची शील्ड वायर मागा, माइकची वायर म्हटलं तरी दुकानदाराला कळतं. दोन मीटर पुरे. उगाच लांब घेऊ नका, जितकी लांब तितका गोंगाट गोळा करते. ३.५ एमएमच्या दोन स्टीरिओ पिना घ्या, दांडीवर दोन काळ्या रेघा असलेल्या. तीन रेघांची पिन मोबाइलच्या हेडफोनची असते, ती नको. पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न आणि आत राळ भरलेली सोल्डरची बारीक तार घ्या. लातूरला गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या एका रस्त्यावर मी हे मागायला गेले, तर दुकानदार म्हणाला, "साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो." मी म्हटलं, साहेबांना बल्बसुद्धा मीच लावून देते, तुम्ही सामान काढा! सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या वायरीही तिथं होत्या. दोन मीटरच्या वायरीत कानाला फरक कळेल असं त्यात काही नाही. ते पैसे वाचवा.

वायर सोलली की आत दोन बारीक रंगीत तारा दिसतात आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या केसांसारख्या तारांचं वेटोळं. हे वेटोळं म्हणजे शील्ड, आणि सगळी मेख तिथंच आहे. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते. भिंतीतल्या तारा, ट्यूबलाइट, मिक्सर यांच्यातून तिची गुणगुण हवेत पसरते. आवाजाची वायर नाजूक, ती ही गुणगुण झेलते. शील्ड तिच्याभोवती पदर धरते आणि बाहेरचा गोंगाट अडवून जमिनीच्या जोडाकडे वळवते. माझ्या बाजारच्या वायरीचं पोट फाडून पाहिलं, तर शील्डचे जेमतेम पाच-सहा केस होते आणि तेही पिनेपाशी तुटलेले. घूं होणार नाही तर काय!

आता काम. पिनेचं टोपण उघडा आणि ते सगळ्यात आधी वायरीत ओवून ठेवा. हे मी दोनदा विसरले. सुंदर जोड दिला, मग टोपण हातात! ते दुसऱ्या बाजूनं चढत नाही, सगळं पुन्हा उसवावं लागतं.

मग वरचं आवरण दीड-दोन सेंटिमीटर सोला. ब्लेड अलगद फिरवा, दोडक्याच्या शिरा काढतो तसं. शील्डचे केस एकत्र करून वातीसारखा पीळ द्या. आतल्या दोन तारांची टोकं तीन-चार मिलिमीटर उघडी करा.

पुढची पायरी कल्हईची. दारावर कल्हईवाला यायचा ते आठवतं? भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा, मग कथील फिरवलं की पातेलं चांदीसारखं. सोल्डरिंग म्हणजे तेच, चिमटीएवढं. सोल्डरमध्ये साठ भाग कथील नि चाळीस भाग शिसं असतं. गंमत अशी की नुसतं कथील २३२ अंशांना वितळतं, शिसं ३२७ ला, आणि दोन्हींचं हे मिश्रण १९० च्या आतच. नवसागराची जागा इथं राळ घेते, तांब्यावरचा मळ ती साफ करते. मात्र घरातला नवसागर वापरायला जाऊ नका, तो बारीक तार खाऊन टाकतो. आधी प्रत्येक टोकाला नि पिनेच्या पट्ट्यांना असं कथील चढवून घ्या, मग जोड देताना नुसता स्पर्श पुरतो.

पिनेत तीन पट्ट्या असतात. दांडीच्या टोकाला जोडलेली डाव्या आवाजाची, मधल्या कड्याची उजव्या आवाजाची, आणि जी सगळ्यात लांब तिला शील्डचा पीळ. एका टोकाला लाल तार ज्या पट्टीला लावली, दुसऱ्या टोकालाही त्याच पट्टीला. तापलेलं आयर्न पट्टी आणि तार दोन्हींना टेकवा, दोन सेकंदांनी सोल्डर लावा, आयर्नला नव्हे, जोडाला. वितळून पसरलं की आयर्न उचला आणि निवेपर्यंत हात हलवू नका. चांगला जोड चकचकीत आणि पसरलेला दिसतो. मळकट, दाणेदार गोळी झाली तर जोड कच्चा आहे, पुन्हा तापवा. तूप रवाळ असलेलं चांगलं, सोल्डर रवाळ असलेलं वाईट, एवढं ध्यानात ठेवलं की झालं. शेवटी लांब पट्टीचे दोन कान वायरीच्या आवरणावर दाबून बसवा, म्हणजे ओढ जोडावर येत नाही.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. सोल्डरमध्ये शिसं आहे, ते पोटात जाता कामा नये. स्वयंपाकाच्या ओट्यावर हे काम नको, खिडकी उघडी ठेवा, तार दातात धरू नका, काम झालं की साबणानं हात धुवा. घरात कुणी दिवस गेलेली असेल तर तिनं या कामाला हात लावू नये, लहान मुलांनाही जवळ बसवू नका. बिनशिशाचं सोल्डर मिळतं, त्याला उष्णता जरा जास्त लागते.

जोड तपासायला मीटर नसेल तर टॉर्चचा छोटा बल्ब आणि सेल पुरे. एका पिनेच्या टोकापासून दुसरीच्या टोकापर्यंत बल्ब लागला पाहिजे, मधल्या कड्याचं नि दांडीचं तसंच. पण टोक आणि दांडी यांच्यामध्ये लागला तर आत कुठंतरी केस भिडलाय.

एक पिन टेपच्या हेडफोनच्या भोकात, दुसरी संगणकाच्या मागच्या फिकट निळ्या भोकात. गुलाबी भोक माइकचं, हिरवं स्पीकरचं. लॅपटॉपला बहुधा निळं भोक नसतं, म्हणून मी मुलांच्या अभ्यासाचा जुना मोठा संगणकच वापरला. ऑडॅसिटी नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो, त्यात आवाज भरला. टेपचा आवाज कमीपासून वाढवत न्या, पडद्यावरच्या लाटांचे शेंडे कडेला आपटता कामा नयेत. जुन्या साध्या टेपमधून आवाज एकाच बाजूनं आला तर घाबरू नका, तो मोनोच असतो. आणि त्याआधी टेपचं हेड कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोटे चौकोनी पडदे असतात, ते मोडून टाका, म्हणजे चुकूनही तिच्यावर दुसरं काही भरलं जात नाही. हे आमच्या घरी १९८९ सालीच कुणाला कळलं असतं तर! ते का, ते सांगतेच.

अशा ओव्या जपण्याचं मोठं काम पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी केलं. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या. पुढं काहींचे आवाजही टिपले गेले. आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज १९९६ साली असाच टिपलेला आहे. 'पारी'च्या संकेतस्थळावर या ओव्या ऐकायला मिळतात. आमच्या आजीकडे मात्र कुणी पोचलं नव्हतं, नातू सोडून.

आमच्या घरी त्या दुपारी सासूबाईंना खुर्ची दिली, स्पीकर जवळ ओढले. आधी खोकला, मग कोंबडा, मग जात्याची घरघर. घूं नाही, काही नाही, नुसती घरघर, आणि तिच्यावर आजीचा आवाज. अकरा ओव्या झाल्या. बाराव्या ओवीच्या मध्यावर एकदम सिनेमाचं गाणं सुरू झालं. धाकट्या दिरांनी कधीतरी त्याच कॅसेटवर भरलं होतं. ते बिचारे मान खाली घालून बसले.

सासूबाईंचं तिकडं लक्षच नव्हतं. डोळे मिटून त्या म्हणाल्या, "खुटा सैल झालाय तिच्या जात्याचा. ऐक, पीठ जाड पडतंय." आणि मला म्हणाल्या, "पुन्हा पहिल्यापासून लाव."