प्रोमो कोडने खरंच पैसे वाचतात का? हत्यारांच्या खरेदीतून शेकडेवारीचा धडा



आठवीच्या गणिताच्या पुस्तकात 'सूट व कमिशन' हे प्रकरण आहे. छापील किंमत, सूट, विक्री किंमत हे शब्द मुलं पटकन पाठ करतात, उदाहरणंही सोडवतात. मी स्वतः हे प्रकरण बरीच वर्षं शिकवतो आहे. तरीही गेल्या वर्षी शाळेसाठी ड्रिल मशीन घेताना याच प्रकरणात मी नापास झालो. कसा ते आज प्रामाणिकपणे सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील आणि वर्गात सांगायला एक खरं उदाहरणही मिळेल.

झालं असं की...

आमच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुलं लाकडी वस्तू बनवतात. पालकांनी मिळून ३,००० रुपये जमवून दिले. यादीत दोनच गोष्टी होत्या: एक ड्रिल मशीन आणि डोळ्यांसाठी १० सुरक्षा चष्मे. मुलं दहा-दहाच्या गटाने काम करतात, म्हणून चष्मे दहा.

मशीन ऑनलाइन २,४५० रुपयांना दिसलं, घरपोच पोचवणं फुकट. त्यातच एक प्रोमो कोड सापडला: '१०% सूट'. कोड टाकला, तर उत्तर आलं की खरेदी किमान २,९९९ रुपयांची हवी. मग मी ५९९ रुपयांचा पान्यांचा संच टोपलीत टाकला. तो यादीत नव्हता, पण 'कधीतरी लागेलच' असं म्हटलं. एकूण झाले ३,०४९ रुपये. दहा टक्के म्हणजे जवळपास ३०५ रुपये सुटायला हवे होते, पण सुटले २५०. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'कमाल सूट २५० रुपये'. शेवटी भरले २,७९९ रुपये. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, 'अभिनंदन! तुम्ही २५० रुपये वाचवलेत.'

पालक सभेत मी हा हिशेब अभिमानाने वाचून दाखवला. मागच्या रांगेतून एका विद्यार्थ्याच्या आईने विचारलं, "सर, अडीचशे वाचले म्हणता, मग ते आहेत कुठं?"

मी हातातल्या कागदाकडे बघत राहिलो. शिल्लक होती २०१ रुपये. चष्मे ६० रुपयांना एक, म्हणजे दहांचे ६००. चष्म्यांना पैसे उरलेच नव्हते!

दुसऱ्या दिवशी शाळेजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. तेच मशीन, तेच मॉडेल, तीच वॉरंटी, किंमत २,३५० रुपये. दुकानदार म्हणाले, "गुरुजी, आधी एक फोन तरी करायचा." तिथे घेतलं असतं तर मशीन आणि दहा चष्मे मिळून २,९५० रुपये झाले असते आणि ५० रुपये उरले असते. आता चष्म्यांसाठी कमी पडलेले ३९९ रुपये मी खिशातून घातले. पान्यांचा संच अजून कपाटात आहे, पाकीटसुद्धा फोडलेलं नाही.

कोड म्हणजे नेमकं काय?

पैसे भरायच्या पानावर एक रिकामा चौकोन असतो. त्यात ठरावीक अक्षरं-आकडे टाकले की रक्कम कमी होते. कल्पना नवी नाही. अमेरिकेत अटलांटा शहरात १८८० च्या दशकाच्या शेवटी कोका-कोलाने 'एक ग्लास फुकट' अशी कुपनं वाटली होती. हेतू तेव्हाही तोच होता: गिऱ्हाईक एकदा दारात यावं.

विक्रेता कोड का देतो, याची साधारण चार कारणं आहेत.

१. नवीन गिऱ्हाईक मिळवायला. 'पहिल्या खरेदीवर' असं लिहिलेले कोड बहुधा यासाठी असतात.
२. पडून राहिलेला माल हलवायला.
३. टोपली मोठी करायला. 'किमान इतक्या रुपयांची खरेदी' ही अट त्यासाठीच असते.
४. भाव करणाऱ्याला स्वस्त आणि घाईतल्याला पूर्ण किमतीत विकायला. बाजारात आपण घासाघीस करतो आणि शेजारचा करत नाही, तसंच हे.

यात वाईट काही नाही, धंदा असाच चालतो. पण यातलं एकही कारण 'तुमचे पैसे वाचावेत' हे नाही. वाचले तर तो योग समजायचा.

आणि आपल्या प्रकरणाच्या नावातला दुसरा शब्द विसरू नका: कमिशन. कोडच्या याद्या देणाऱ्या बऱ्याच साइट्स त्यांच्या दुव्यावरून आपण खरेदी केली की विक्रेत्याकडून कमिशन घेतात. म्हणजे आपल्याला सूट, त्यांना कमिशन. आपण काहीच घेतलं नाही तर त्यांना काहीच मिळत नाही. म्हणून 'आज घेऊ नका' असा सल्ला तिथे सहसा सापडायचा नाही.

चार गणितं, चार फसगती

*गणित पहिलं: शेकडा सूट, पण कशावर?*

पाकीटबंद मालावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणं २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. यातला 'कमाल' हा शब्द महत्त्वाचा. याहून जास्त घ्यायचं नाही, कमी कितीही घेता येतं. विजेवर चालणाऱ्या हत्यारांची छापील किंमत अनेकदा रोजच्या विक्री किमतीपेक्षा खूप वर असते. ४,२०० छापून २,४५० ला विकलं की '४१% सूट' म्हणता येतं. पण बाजारात ती वस्तू ४,२०० ला कुणीच घेत नसेल, तर ती सूट कागदावरचीच.

तरी तो खोडलेला मोठा आकडा मनावर परिणाम करतोच. ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात एक प्रयोग आहे. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं आणि मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचं प्रमाण किती टक्के? चक्रावर १० आलेल्या गटाचा मध्यम अंदाज २५ होता, ६५ आलेल्या गटाचा ४५. चक्राचा आणि प्रश्नाचा काडीचाही संबंध नव्हता! खोडलेली किंमत आपल्याला तशीच ओढते.

*गणित दुसरं: कमाल सूट*

'२०% सूट, कमाल १५० रुपये' असा कोड घेऊ.

- खरेदी ७५० रुपये: सूट १५०, म्हणजे २०%
- खरेदी १,५०० रुपये: सूट १५०, म्हणजे १०%
- खरेदी ३,००० रुपये: सूट १५०, म्हणजे ५%

खरेदी वाढली तशी खरी टक्केवारी घसरली. हत्यारं महाग असतात, त्यामुळे ही अट इथे जास्त बोचते. माझ्या '१०%' ची खरी टक्केवारी ८.२ निघाली.

*गणित तिसरं: सुटीवर सूट*

'२०% आणि वर आणखी १०%' म्हणजे ३०% नव्हे. २,००० रुपयांवर २०% सूट गेली की राहिले १,६००. पुढचे १०% या १,६०० वर, म्हणजे १६०. उरले १,४४०. एकूण सूट ५६० रुपये, म्हणजे २८%. मुलांना हे फळ्यावर आधी करून दाखवू नका. आधी अंदाज विचारा. बहुतेक हात तीसवरच वर जातात.

*गणित चौथं: 'पर्यंत'*

'५०% पर्यंत सूट'. मराठीच्या तासाला आपण शिकवतो की 'पर्यंत' हे शब्दयोगी अव्यय आहे. जाहिरातीत सगळं काम हे अव्यय एकटंच करतं. एका वस्तूवर ५०% आणि बाकीच्यांवर ५% सूट असली, तरी वाक्य खरंच ठरतं.

याशिवाय 'कॅशबॅक' ही सूट नव्हे. ते पैसे बऱ्याचदा पुढच्या खरेदीतच वापरावे लागतात. पुढची खरेदी करायची नसेल तर त्याची किंमत शून्य धरा.

हत्यारांच्या बाबतीत आणखी काय बघायचं?

साबण चुकीचा आला तर आठवड्याभरात संपतो, चुकीचं हत्यार मात्र वर्षानुवर्षं कपाटात राहतं. म्हणून किमतीच्या आधी काम बघा.

- काम कोणतं? लाकडाला साधं ड्रिल पुरतं. काँक्रीटच्या भिंतीला ठोका देणारं, म्हणजे इम्पॅक्ट किंवा हॅमर ड्रिल लागतं. चक १० मिमीचा की १३ मिमीचा, हेही बघा. मोठ्या सुटीत चुकीचं मशीन आलं तर सगळीच रक्कम वाया जाते.
- नगांची संख्या फसवी असते. '१०० नगांचा संच' यात ६० तर छोटी स्क्रू बिटंच असू शकतात. एकूण किंमत आपल्याला लागणाऱ्या नगांच्या संख्येने भागा.
- विकणारा कोण? ऑनलाइन पानावर विक्रेत्याचं नाव वेगळं असतं. वॉरंटी उत्पादकाची आहे का, जवळ सर्व्हिस सेंटर कुठे आहे, पक्कं बिल मिळणार का, हे आधी वाचा.
- किती वेळा वापरणार? २,४०० रुपयांचं मशीन घरी वर्षातून दोनदा वापरलं आणि ते सहा वर्षं टिकलं, तर प्रत्येक वापराला २०० रुपये पडले. अशा वेळी भाड्याने आणणं किंवा कारागिराला बोलावणं स्वस्त पडू शकतं.

ज्या पालकांचा सुतारकामाचा, वायरिंगचा व्यवसाय आहे आणि जीएसटीची नियमित नोंदणी आहे, त्यांच्यासाठी एक खास गोष्ट. व्यवसायासाठी घेतलेल्या हत्यारावरचा कर अटी पूर्ण झाल्यास परत वळता करून घेता येतो, पण त्यासाठी बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक हवा. १८% दराने २,३६० रुपयांच्या बिलात २,००० वस्तूचे आणि ३६० कराचे असतात. घरच्या साध्या खात्यावरून कोड लावून १०० रुपये वाचवले आणि ३६० सोडून दिले, तर काय मिळवलं?

कायदा काय म्हणतो?

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे पोचवण्याचा खर्च, कर वगैरे धरून एकूण किंमत दाखवणं आवश्यक आहे. आधीच खूण केलेल्या चौकटीतून तुमची संमती गृहीत धरता येत नाही. 'फक्त ५ मिनिटं उरली' अशी खोटी घाई दाखवणं, टोपलीत न विचारता वस्तू टाकणं हे प्रकार २०२३ च्या 'डार्क पॅटर्न' मार्गदर्शक सूचनांत अनुचित ठरवले आहेत. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५. मुलांच्या वहीत हा क्रमांक जरूर लिहून द्या.

मग कोड वापरायचाच नाही का?

वापरायचा की! त्याच वर्षी मला पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हरचा एक संच हवा होता. तो यादीत होता, पण गावात मिळत नव्हता. तालुक्याला ६४० रुपये आणि एसटीचं जाणं-येणं ६०, म्हणजे ७००. ऑनलाइन ६८०, पहिल्या खरेदीचा कोड १०० रुपयांचा, पोचवण्याचे ४०, म्हणजे ६२०. इथे सरळ ८० रुपये वाचले. कोड दोन्ही वेळा होता. फरक इतकाच की पहिल्या वेळी कोडने यादी बदलली आणि दुसऱ्या वेळी यादी जशीच्या तशी राहिली.

फळ्यावर हे सूत्र लिहा:

खरी बचत = दुसरीकडे मिळणारी सर्वांत कमी किंमत (जाण्या-येण्याच्या खर्चासह) − कोड लावून प्रत्यक्ष भरायची एकूण रक्कम

दोन्हीकडे वस्तू तीच, वॉरंटी तीच, आणि ती आधीच यादीत असलेली. यादीबाहेरचं जे टोपलीत आलं ते सगळं खर्चात धरायचं. या सूत्रात छापील किंमत कुठेच येत नाही, हे मुलांच्या लक्षात आणून द्या. माझ्या मशीनचं उत्तर: २,३५० − २,७९९ = −४४९. बचत ऋण!

वर्गात करून बघा

१. प्रत्येक गटाला घरात लागणाऱ्या एका हत्याराचं नाव द्या.
२. मुलांनी जवळच्या दुकानात जाऊन किंमत विचारावी, पालकांसोबत ऑनलाइन एकूण रक्कम बघावी. काहीही विकत घ्यायचं नाही.
३. कोडच्या अटी वहीत उतरवायच्या: किमान खरेदी, कमाल सूट, मुदत, कुणासाठी.
४. सूत्रात आकडे घालून उत्तर धन येतं की ऋण, ते वर्गात सांगायचं.

आमच्या वर्गात या उपक्रमानंतर मुलांनी कपाटावर एक चिठ्ठी चिकटवली: 'आधी यादी, मग कोड.' त्याच कपाटात तो न फोडलेला पान्यांचा संच आहे. मी तो परत करायचं ठरवलं होतं, पण मुदत निघून गेली. आता दरवर्षी हे प्रकरण सुरू करताना तो टेबलावर ठेवतो आणि त्या आईंचाच प्रश्न मुलांना विचारतो: "वाचलेले पैसे आहेत कुठं?"

तुमच्या घरी किंवा शाळेत असा एखादा संच पडून असेल, तर तोही वर्गात घेऊन या.